शब्द

देसूरच्या पुढं पहिल्यांदा ऐकू आला.
किर्र, मग गप्प.
मी काच खाली केली. ऊस, एक ट्रॅक्टर,
बाकी काही नाही.
मागं अंड्यांचे चाळीस ट्रे,
त्यातलं एकही बोलायला तयार नाही.

दोन दिवस मी त्याला नावं देत बसले:
तव्यावर उलथनं ओढल्यासारखा.
नाही, सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या चाकासारखा.
नाही, गाडी हळू झाली की टिक् टिक्,
कुणीतरी नाणं फरशीवर टाकून
खरं-खोटं बघतंय तसा.
भाऊ म्हणाला, ओम्नी आहे, वाजणारच.
त्यानंच ती मला विकली, पंचावन्न हजाराला,
दीड महिन्यापूर्वी, पेढे वाटून.

ब्रेक दाबला की थांबायचा.
डावीकडं वळलं की थांबायचा.
आणि गॅरेजच्या दारात गाडी लावली
की मुळी कधी नव्हताच.

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत,
दस्तगीरमामा.
सव्वीस वर्षं हॅमरशॉपमध्ये काढली,
उजवा कान तिथंच ठेवून आला,
डाव्यावर अर्धंमुर्धं भागवतो.
आवाजाचं दुखणं घेऊन अशा माणसाकडं जायचं!
पण खानापूरपासून सगळे त्याच्याकडंच धाडतात.

हाताखालचा पोरगा, निंगाप्पा, हुक्केरीकडचा,
जॅक लावता लावता विचारतो,
‘अक्का, शब्द यल्लिंद बरतैती?’
शब्द कुठून येतो.

त्यांच्यात आवाजाला शब्द म्हणतात,
हे मला ठाऊक आहे, जन्म इथंच गेला.
तरी चाकाकडं बघत थांबले थोडी.
इतके दिवस मी त्याला
नुसतं कर्कश म्हणत होते.

‘तू सांगू नको,’ मामा म्हणाला. ‘चलव.’
चपला काढून शेजारी बसला,
तळवे पत्र्यावर टेकवून.
तिसऱ्या गेटपर्यंत गेलो.
‘उजवीकडं वळव. आता परत.’
त्यानं कान कुठंच लावला नाही.
‘फुडचं. डावं. चल माघारी.’

चाक उतरलं. डिस्कच्या मागच्या पत्र्यात
हरभऱ्याएवढा खडा,
एका अंगानं घासून आरशासारखा.
‘चोर्ल्याला गेल्तीस?’
‘जांबोटीला. मागल्या बुधवारी.’
‘तिथलीच खडी. रस्ता करूलालेत.’
निंगाप्पानं तो पुसून खिशात टाकला.
कशाला, कुणी विचारलं नाही.

मी पर्स उघडली.
‘थांब की. गाडी काय पळून जातीय?’
मामानं चाक परत बसवलं, हातानं फिरवलं.
आता काहीच नाही, एकदम लोण्यासारखं.
दोन बोटं स्प्रिंगवर ठेवून
डोळे मिटून तो उभा राहिला,
तेवढ्यात पलीकडं एक ओतकामाची भट्टी उघडली
आणि गल्लीभर गरम मातीचा वास आला.
‘हितं हात लाव.’

लावला.
मांजर झोपेत घुरघुरतं तसं,
पण मधेच कुठंतरी रवा.

‘बेअरिंग. गेलंय.
हे आजचं न्हवं, तीन-चार म्हैनं झालं आसतील.
खडा ओरडूलाल्ता,
म्हणून हे ऐकू येईना झाल्तं.’

तीन-चार महिने.
मी बोटांवर मोजले, ग्रीस लागलेल्या,
मग मोजायचं सोडून दिलं.

‘उद्या सकाळी आण. आज तीसच्या वर जाऊ नको.’
खड्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत.
चहाचे मी दिले.

परतताना रेडिओ लावला नाही.
आता सगळं ऐकू येत होतं,
घूं घूं, बारीक, सरळ रस्त्यावर जास्त,
पहिल्या दिवसापासून होतं तेच.
गणेबैलपाशी भावाचा फोन.
‘गेला काय आवाज?’
मी गाडी कडेला घेतली.
‘खडा होता,’ म्हणाले.
‘बघ, म्हटलं नव्हतं?’ तो म्हणाला,
आणि थोडा वेळ कुणीच फोन ठेवला नाही.